लेकीच्या घरचं पाणी

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे गादी गच्चीवर नेली. मे महिना संपत आला होता. पावसाच्या आधी गाद्यांना ऊन दाखवायचं, हा बायकोचा दरवर्षीचा नेम. गादी जुनी, कापसाची, दोघांची, आणि वजन तर विचारूच नका. पुढं मी, मागं ती. जिना अरुंद. वळणावर गादी अडकायची आणि दरवर्षी त्याच वळणावर ती मला बोलायची.

"आवं, वाकवा की जरा. भिंतीत घालताय का काय?"

"तू ढकलू नको, मग वाकती."

आमच्या खालच्या खोल्यांत भाड्यानं राहणारी पोरगी आवाज ऐकून वर आली आणि मधोमध हात घालायला लागली. बायको एकदम ओरडली, "ए, सोड! तू हात लावायचा न्हाई."

पोरगी झटकन मागं सरली. मी म्हणालो, "लावू दे की, तरणीताठी हाय." बायकोनं माझ्याकडं असं बघितलं, की मला कळलं. पोरीला दिवस गेले होते.

गच्चीवर गादी टाकली, काठीनं झोडपली. धूळ नाकात गेली, दोघंही शिंकलो. बायको म्हणाली, "ह्या टायमाला तिला एकटी सोडायची न्हाई. बाळंतीण होईस्तवर मी बघणार हाय." मी म्हणालो, बघ. एवढंच बोलणं झालं. दुसऱ्या दिवशी दुपारी जेवून आडवी झाली ती उठलीच नाही. डॉक्टर म्हणाले, हृदय. मी म्हणालो असंल. त्या वेळी मला काय विचारलं असतं तरी मी असंल म्हणालो असतो.

आमचं घर पुण्याजवळ पिंपळे सौदागरला, जुन्या गावठाणात. आमच्या शेतांवर आता सोसायट्या आहेत, इतक्या उंच की आमच्या गच्चीवर ऊन दुपारीच तेवढं येतं. वर आम्ही राहायचो, खाली हे जोडपं. दोघं परभणीकडची. पोरगा चाकणला एका कंपनीत ठेकेदाराकडं, मेंटेनन्सला. त्याचं काम उलटं. सगळ्या कंपनीला सुट्टी लागली की ह्याचं काम सुरू, कारण मशिनी बंद असतात तेव्हाच त्या खोलता येतात. त्यामुळं गणपती नाही, दसरा नाही, दिवाळी तर नाहीच. पोरगी सणाला एकटीच गावी जाऊन यायची.

मागच्या वर्षी मात्र साहेबाच्या पाया पडून त्यानं दिवाळीची सुट्टी काढली होती. दोघं रात्रभर ट्रॅव्हल्सच्या गाडीत बसून गावाला गेले आणि आले. आल्यावर त्याच आठवड्यात पोरीचं पोटातलं बाळ गेलं. सहावा महिना होता. त्याच्याही आधी एक तिसऱ्या महिन्यात गेलेलं. डॉक्टर म्हणाले गाडीचा काही संबंध नाही, पण पोरीच्या डोक्यात तेच बसलं. ह्या खेपेला तर डॉक्टरांनीच सांगितलं, लांबचा प्रवास नको. म्हणजे यंदाची दिवाळी इथंच, दोघांनीच.

बायकोला नेलं त्या दिवशी गावातल्या बायकांनी ह्या पोरीला खोलीत बसवून बाहेरून कडी घातली. पोटुशीनं मढं बघायचं नसतं. ती आतून दार वाजवत होती, मी ऐकत होतो, पण त्या वेळी माझं कोण ऐकणार. त्यानंतर मला तिच्याशी काय बोलावं ते सुचेना. ती जिन्यात दिसली की मी खाकरून पुढं जायचो. मनात यायचं, तिला बघायचं कबूल करून बायको गेली, आणि मी गडीमाणूस काय बघणार.

दसऱ्याला पहिला सण म्हणून भावकी येऊन बसून गेली. बायका रडल्या. मग चहा पिता पिता नव्या रस्त्यात कुणाची जागा जाणार त्यावर बोलणं निघालं आणि बायको बाजूलाच राहिली. मी तेव्हाच सांगून टाकलं, दिवाळीला कोणी येऊ नका. माझ्या लेकीलाही सांगितलं. तिचं सासर राजगुरुनगरकडं, तिथं तिच्या घरी माणसं भरपूर. ती फोनवर म्हणाली, "आबा, तुमी एकटे काय करणार?" म्हणालो, "बसणार." आणि खरं सांगतो, कोणी आलं नाही तेव्हा मला बरं वाटलं. घरात बसून कोणाचं सांत्वन ऐकायचं नाही, मान हलवायची नाही.

धनत्रयोदशीला माझ्या ध्यानात आलं, की खालच्या घराला कंदील नाही. वासही नाही. आजूबाजूला सगळ्या गल्लीत चकल्या तळल्या जात होत्या आणि आमच्या घराखाली नुसतं गप्प. मला वाटलं, माझ्यापायी. घरमालकाच्यात माणूस गेलं म्हणून ही पोरं सण पाळत नाहीत. मी खाली गेलो. दोघं पायरीवर बसले होते. तो तिचे पाय मांडीवर घेऊन दाबत होता, मला बघून त्यानं हात काढला.

मी म्हणालो, "दाब, दाब. मी त्यासाठी न्हाई आलो. हे बघा, बायको माझी गेली. तुमचं कोण गेलं न्हाई. माझ्यापायी तुमी सण बंद ठेवू नका. तळा काय तळायचं त्ये."

दोघांनी एकमेकांकडं बघितलं. पोरगी म्हणाली, "बाबा, आजींची आठवण येतीच. पण खरं सांगू का, मला तेलाचा वासच सहन व्हईना. ह्यांनी परवा पापड तळला तर मी मोरीत पळाले."

पोरगा हसायला लागला. मग तीही. मीही हसलो, काय करणार.

"आणि कंदील?"

"कंदील ह्यांनी आणलाय, पण बल्ब आणायचा विसरले."

मग मी बसलोच त्यांच्यापाशी. त्यांनी दुकानातला चिवडा उघडला. पोरगी सांगत होती, की गावाला असती तर पहाटेपासून कामाला जुंपली असती. सासू, दोन जावा, माहेरी आलेल्या नणंदा, त्यांची पोरं, पोळ्यांचा नुसता डोंगर. "लग्न झाल्यापासून पहिल्यांदा दिवाळीत बूड टेकलं बघा बाबा," ती म्हणाली.

पोरगा म्हणाला, "टेकलं ते टेकलं, आता उठवायला क्रेन लागायली."

तिनं त्याला चिवड्याचं पाकीट फेकून मारलं. तेवढ्यात गावाहून व्हिडिओवर फोन आला. तिकडं एवढी माणसं एका पडद्यात घुसली होती, की कोण काय बोलतंय कळेना. फोन ठेवल्यावर दोघांनी एकदमच श्वास सोडला. मला वाटलं, ह्यांना शांत दिवाळी आवडलेली दिसते. पण पोरीचा हात सारखा पोटावर जायचा. हसताना, खाताना, बोलताना. सातवा संपत आला होता. एवढं पुढं आधीचं एकही गेलं नव्हतं.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी सकाळी पोरगा मोटारसायकल काढून चाकणला गेला. सुट्टीत कंपनीची बस नसते. मी वर घरात बसलो होतो. दुपारच्या आधी दारावर थाप पडली. दारात पोरगी उभी, एक हात चौकटीला, एक पोटावर.

"बाबा, बाळ हलत नाही."

"कवापासून?"

"सकाळपासून. आईला फोन केला, ती म्हणाली गार पाणी पी, गोड खा, डाव्या कुशीवर झोप. सगळं केलं. ह्यांना फोन लागेना. गेटवर जमा करून घेतात ना फोन."

मी उठलो. पायात चप्पल घातली, खिशात पैसे टाकले. दार लावलं की नाही ते आठवत नाही. चौकात एकच रिक्षा होती, रिक्षावाला आत पाय वर करून पडलेला. मी त्याला उठवला. पोरीला बसवली आणि म्हणालो, "गतिरोधकावर हळू घे."

एका गतिरोधकावर हळू घेतली, दुसऱ्यावर मी ओरडलो, तिसऱ्यावर परत ओरडलो. तो मागं न बघता म्हणाला, "आजोबा, उतरून उचलून नेऊ का रिक्षा?"

"ने की," मी म्हणालो. पोरीच्या तोंडावर हसू येऊन गेलं, पण डोळे भरले होते. तिनं माझा दंड धरला होता. इतका घट्ट, की वळ उठले.

जिथं तिचं नाव घातलं होतं त्या दवाखान्यात सणामुळं सगळं सामसूम. एक नर्स आणि एक तरुण डॉक्टरीण. पोरीला आत घेतलं, मला पडद्याबाहेर बाकावर बसवलं. आत तिच्या पोटाला पट्टा बांधत होते, त्याचा चरचर आवाज आला. मग बराच वेळ नुसती खरखर. नर्स म्हणाली, "जरा वळा. अजून." परत खरखर. मी समोरच्या भिंतीवर लावलेल्या फोटोतल्या गुबगुबीत पोराकडं बघत बसलो होतो. मी देवाला काही मागितलं नाही. मागून मिळतं असं माझं मत राहिलेलं नव्हतं.

आणि मग ठोका आला. पूर्वी आमचं नदीवर पाण्याचं इंजिन होतं. हँडल मारून मारून खांदे जायचे, आणि एकदा ते धरलं की एकसारखं चालायचं, लांबच्या बांधावर उभं राहिलं तरी ऐकू यायचं. तसा. त्याच्यापेक्षा भरभर. पडद्याआडून पोरगी रडल्याचा आवाज आला आणि डॉक्टरीण म्हणाली, "अहो, रडताय काय, आवाज ऐका. झोपलं होतं बाळ."

  एवढं हलकं मला कितीतरी महिन्यांत वाटलं नव्हतं. बायको गेल्यापासून छातीवर काहीतरी ठेवलेलं होतं, ते कोणीतरी उचलून बाजूला केलं असं वाटलं. मी परत ऐकत बसलो.

डॉक्टरीण बाहेर आली. "आजोबा, ठोके छान आहेत. काळजीचं काही नाही. पण हिच्यासोबत घरी बाईमाणूस कोण आहे?"

"कोण न्हाई. मी हाय. घरमालक."

"आधीचा इतिहास बघता हिला एकटं ठेवू नका. तुमच्यानं सगळं होणार नाही. आई असेल तर बोलवून घ्या."

परत जाताना त्याच रिक्षात मी विचारलं. मला गोड बोलून विचारता येत नाही. म्हणालो, "आई हाय ना तुला? मग अशा टायमाला ती तिकडं काय दिवे लावत बसलीय?"

पोरगी भडकली. तिला इतकी चिडलेली मी कधी बघितली नव्हती. "आईला काही बोलू नका बाबा. ती रोज रडायली तिकडं. ती यायला बसलीय, पण खाणार कुठं? लेकीला लेकरू होईपर्यंत लेकीच्या घरचं पाणी घेत नसतेत आमच्यात."

"ते आमच्यातबी हाय. पर आता कोण पाळतं?"

"दोन गेलेत माझे. ती म्हणती, मी नेम मोडला आणि तिसऱ्याला काही झालं तर? मीच म्हणते नको येऊ." डोळे पुसत ती म्हणाली, "पहिलं गेलं तेव्हा आलती. तुम्ही लेकीकडं गेलता. दोन दिवस आजींच्या घरी जेवली, आजींच्या घरी पाणी प्यायली. मला बघायला खाली यायची आणि तहान लागली की वर जायची. आताही आजीच तिला बोलवणार होत्या. मग आजीच गेल्या."

मला हे काहीच ठाऊक नव्हतं. "मग मला सांगायचं."

"काय सांगायचं? तुम्ही खानावळीचा डबा खाता, चहा बाहेर पिता. तुमच्या घरात गॅस पेटत नाही. आणि दुखवटा चालू. अशा घरात माझ्या आईला जेवू घाला म्हणू का?"

रिक्षावाला पुढून म्हणाला, "पोरगी बरोबर बोलतीय, आजोबा."

"तू गतिरोधक बघ," मी म्हणालो.

घरी आल्यावर तिला निजवली आणि म्हणालो, आईला फोन लाव आणि माझ्याकडं दे. पलीकडून बाईनं माझा आवाज ऐकला आणि किंचाळलीच. "काय झालं माझ्या लेकीला?"

"कायबी न्हाई झालं, ताई. ठोके मी सोता ऐकलेत. इंजिनावानी चाललेत. तुमी आज निघा."

बाई आधी नुसती रडली. मग म्हणाली, "कसं येऊ भाऊ? तुमच्या घरातल्या व्हत्या तवा आधार व्हता. आता माणूस गेलेल्या घरात मी कुण्या तोंडानं जेवायला बसू?"

"आपल्याच तोंडानं. दुसऱ्याचं कुठनं आणणार?"

बिछान्यावर पोरीनं तोंडाला पदर लावला.

"तुमच्यात चूल पेटत नाही म्हणायली लेक."

"उद्या सकाळी पेटती. लेकीचं घर खाली, माझं वर. मधे जिना हाय. तुमी माझ्या घरी उतरा, माझ्या घरी जेवा, माझ्या घरचं पाणी प्या. लेकीच्यात नुसतं बसायला जा. नेमबी राहील आन पोरगीबी राहील."

"आन तुमचा दुखवटा?"

"त्यो माझा हाय. त्याचं मी बघतो."

 तिकडं कोणाच्या तरी अंगणात फटाके वाजत होते. मग बाईनं विचारलं, "आज गाडी भेटंल का?"

"सगळी दुनिया तिकडं चाललीय. तिकडून इकडं येणाऱ्या गाड्या मोकळ्याच असतील. झोपून या."

पोरगा संध्याकाळी आला. गेटवर फोन हातात पडल्यावर बायकोचे कॉल बघितले असणार. फोन लावला तेव्हा तिनं सगळं ठीक असल्याचं सांगितलं होतं, तरी गाडी कशी आणली असंल ती आणली. आत जाऊन तिला बघून बाहेर आला आणि पायरीवर बसला, डोक्यात हेल्मेट तसंच.

"बाबा, मी तिथं खाली मशिनीत झोपून नट खोलायलो आणि इकडं—"

"इकडं काय न्हाई. ठोके चालू हायेत. हेल्मेट काढ आधी, पार्सल द्यायला आल्यासारखा दिसतोस."

त्यानं हेल्मेट काढलं आणि मांडीत धरून आत तोंड घातलं. मी तिकडं बघितलं नाही. थोड्या वेळानं तो उठला, दुकानात गेला आणि बल्ब घेऊन आला. कंदील लावताना पोरगी आतून सांगत होती, डावीकडं, अजून डावीकडं, आणि तो उजवीकडंच न्यायचा.

पाडव्याच्या सकाळी पोरगा नाशिक फाट्यावर गाड्या थांबतात तिथं जाऊन सासूला घेऊन आला. बाई लहानखुरी, डोक्यावर पदर, हातात एक पिशवी आणि एक मोठं गाठोडं. लेकीच्या दारात थांबली, मग आत गेली. लेकीच्या तोंडावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली, पोटाला हात लावला, तसाच ठेवला. मग आतूनच मला हाक मारली, "हलायलंय भाऊ!" रात्रभर गाडीत बसून आलेली बाई, ओठ सुकलेले, पण तिथं पाण्याच्या माठाकडं तिनं बघितलंही नाही. पोरीनं सवयीनं तांब्या उचलला आणि परत ठेवला.

मी वर येऊन गॅसचं बटण चालू केलं. पहिल्यांदा पेटला नाही, नळीत हवा होती. मग पेटला. साखरेचा डबा कुठला ते ठाऊक नव्हतं. एकात खोबरं निघालं, एकात साबुदाणा, एकात रिळं आणि सुया. तोवर बाई जिना चढून आली आणि दाराजवळ भिंतीला टेकून बसली. मी तांब्याभर पाणी पुढं ठेवलं. ती ते न थांबता प्यायली. मग चहा दिला. एक घोट घेऊन तिनं माझ्याकडं बघितलं.

"भाऊ, साखर लई झाली."

"व्हय, अंदाज न्हाई मला."

"असू द्या." तिनं कप संपवला, बशीतला सांडलेलाही प्यायली. मग उठून पदर खोचला, ओट्यापाशी गेली आणि डब्यांची झाकणं एकेक करून उघडली. "पीठ कुठं हाय? भाकरी टाकते. पोरीला गरम लागंल. वरच आणू तिला जेवायला, सोसंल का तिला जिना?"

"न्हाई सोसणार. ताट खाली नेऊ. माझ्या घरचं ताट हाय, तुमी कुठंबी खाल्लं तरी चालतंय."

"मग पीठ?"

पीठ नव्हतं. कुठून असणार. मी खुंटीवरची पिशवी घेतली, ज्वारीचं पीठ आणायला गेलो. गिरणी पाडव्यामुळं बंद होती, तर पुढं मोठ्या रस्त्यावरच्या दुकानापर्यंत चालत गेलो आणि पीठ घेऊन आलो.